निरोपाचा हात

प्रिय मेव्हिस,

तुझ्या लॉरेनने मला कामाला लावलंय. शनिवारी तुला ऐंशी पूर्ण होतात, चॅपलच्या हॉलमध्ये चहा आहे, आणि "हेस्टरमावशी, आईबद्दल दोन शब्द बोला" असं तिचं म्हणणं. मी दोन शब्दांत कधी थांबत नाही, हे एकोणपन्नास वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर तिला कळायला हवं होतं. म्हणून लिहूनच काढते. तू पुढच्या खुर्चीवर बसशील, मध्येच म्हणशील, "आवर आता, चहा निवतोय." मी आवरणार नाही. शेवटी मला एक कबुली द्यायची आहे. ती बिचाऱ्या ट्रूलव्हच्या भल्यासाठी आहे, तेव्हा जरा दम धर.

आता बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगते. हॉलमध्ये नातवंडं असतील, त्यांच्या बायका असतील, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

मी १९६९ साली ग्रिम्सबीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले. घर मिळालं ते मेव्हिस हॅल्डनबीच्या शेजारचं. दोन अंगणं, मध्ये कमरेएवढी भिंत. पहिल्याच मंगळवारी ऊन पडलं म्हणून मी चादरी धुतल्या आणि दोरीवर टाकल्या. तेवढ्यात भिंतीवरून टांग टाकून एक बाई आली आणि एक अक्षर न बोलता माझ्या चादरी उतरवायला लागली.

"अहो, काय चाललंय काय?"

"पहाटेच्या भरतीला आमचा वॉल्ट समुद्रावर गेलाय. आणि तुम्ही धुणं काढलंत?"

"मग?"

"त्या दिवशी धुतलं की माणूस वाहून जातो."

मी पंचवीस वर्षांची, पदवीची शाई अजून ओली. मी तिला तिथेच उभं करून आइसलँडजवळचे प्रवाह, वारे आणि डोलकाठ्यांवर, दोरांवर गोठणारा बर्फ यांवर पाच मिनिटं ऐकवलं. मासेमारीचे ट्रॉलर बुडतात ते यांच्यामुळे, चादरींमुळे नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ओल्या चादरी घडी करून माझ्या टबात ठेवल्या.

"छान सांगता," ती म्हणाली. "उद्या धुवा."

उद्या धुतल्या. तेव्हापासून वॉल्ट निघायच्या दिवशी आमच्या बाजूला रुमालसुद्धा वाळला नाही. मला पटलं होतं असं नाही. पण माझं म्हणणं खरं करून दाखवायला तिचा नवरा पणाला लावायची मला काही गरज नव्हती.

मेव्हिस जाळी विणायची. अंगणाच्या भिंतीत एक लोखंडी हूक होता, त्याला जाळ्याचं टोक अडकवायचं, हातात लाकडी सुई, आणि गाठीमागून गाठ. तोंडाने माझ्याशी भांडत असायची, डोळे खिडकीतून चुलीवरच्या बटाट्यांकडे, आणि हात आपले चालूच. मी एकदा शिकायला बसले. अर्ध्या तासाने माझं काम हातात धरून ती म्हणाली, "मास्तरीणबाई, यातून मासा तर जाईलच, पण बोटपण जाईल." तेव्हापासून मी मास्तरीणबाई.

तिच्याकडून मी बाकीचं शिकले. हिरवा कोट घालून तिच्या दारात जायचं नाही. हॅम मागायचं तर त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही, "कुरळ्या शेपटीचं दे" म्हणायचं. चुकून नाव निघालंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा. मी चहाच्या वेळी दोनदा विसरले, दोन्ही वेळा तिने माझा हात धरून भट्टीच्या दाराला लावला. दुसऱ्या वेळी भट्टी तापलेली होती. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, माणूस समुद्रावर निघाला की गोदीवर पोचवायला जायचं नाही, आणि हात हलवून निरोप तर मुळीच द्यायचा नाही. हात हलवला की लाट बोलावली. बायका घरातच निरोप घ्यायच्या, तोही असा, की जणू माणूस कोपऱ्यावर पाव आणायला निघालाय.

१९८४ साली "तिसरी भरती" आमच्या एम्प्रेस थिएटरला आलं. गावोगाव फिरणारं संगीत नाटक, ट्रॉलरवाल्यांच्या घरांचं, वाद्यवृंद, नाच, गाणी, सगळं. वॉल्ट तोवर समुद्र सोडून शीतगृहात कामाला लागला होता. अर्ध्या गावाची तीच गत, मासेमारी बसली होती. आपल्यावर नाटक निघालंय म्हणून सगळं गाव चांगले कपडे घालून गेलं. आम्ही तिसऱ्या रांगेत. वॉल्ट पहिल्या गाण्याला झोपला.

पहिल्या अंकाच्या शेवटी ट्रॉलर निघतो. बायका धक्क्यावर ओळीने उभ्या, शाली उडतायत, सूर चढतोय, आणि बाराच्या बारा जणींनी हात उंच करून हलवायला सुरुवात केली.

सगळं थिएटर गप्प झालं. ही शांतता नाटकवाल्यांना हवी असते ती नव्हती. कुणाच्या ताटात झुरळ निघाल्यावर पंगतीत होते तशी होती.

मेव्हिस उठून उभी राहिली. ओरडली नाही. खिडकीतून पोराला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "हात खाली घे गं पोरी. बुडवशील त्यांना."

वाद्यवृंद वाजत राहिला. बायकांचे हात एकेक करून खाली आले. मग त्यांना काय करावं सुचेना, आणि बाराही जणींनी पाठ फिरवली. तशाच उभ्या, खांदे गदगदा हलतायत, पडदा पडेपर्यंत. आमच्या मागच्या रांगेत दोघी-तिघी मुसमुसायला लागल्या. एम्प्रेसच्या मागच्या दारावर, नटमंडळी ये-जा करतात तिथे, तेव्हापासून ट्रूलव्ह राखणीला आहे. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की त्या रडत नव्हत्या, हसू आवरत नव्हतं म्हणून वळल्या. मी ते मेव्हिसला सांगितलं.

"हसू देत," ती म्हणाली. "पाठ फिरवली ना?"

दिग्दर्शक हुशार निघाला. त्याने ते तसंच ठेवलं. पुढच्या महिन्यात लीड्सच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं, की निरोपाच्या वेळी स्त्रिया समुद्राकडे पाठ करतात, या एका कल्पनेत ग्रीक शोकांतिकेची उंची आहे. मी मेव्हिसला वाचून दाखवलं.

"ग्रीकांना हॅडॉक मासळीतलं काय कळतंय," ती म्हणाली आणि सुईत सुतळी भरायला लागली.

पण कात्रण तिने चहाच्या बरणीखाली सारलं, मी पाहिलं.

आणि मग तिला नादच लागला. नाटक हल, शेफील्ड, नॉरिच, जिथे जाईल तिथे आम्ही लांबपल्ल्याच्या बसने जायचो, सोबत मनुकांचा पाव आणि चीज. एकदा पार प्लिमथपर्यंत. वॉल्टपण यायचा, ज्याने तीस वर्षं उत्तर अटलांटिकमध्ये काढली त्याला बस लागायची. बावीस वर्षांत नऊ वेळा आम्ही ते नाटक पाहिलं. पहिला अंक ती खुर्चीच्या टोकावर बसून पाहायची. बायकांनी पाठ फिरवली, की मागे टेकायची आणि म्हणायची, "चला. आता आइस्क्रीम." दुसऱ्या अंकात तिला रस नव्हता. त्यात प्रेमकथा होती.

मला आपलं वाटायचं, बाईला आपल्या नावाचं कौतुक आहे, जरी नाव कुठे छापलेलं नसलं तरी. कौतुक करून घेण्यात काही वाईट नाही, मलाही आवडतं. पण ते तसं नव्हतं. नॉरिचहून परतताना, वॉल्ट पिशवीत तोंड घालून बसलेला, मेव्हिस पावाचे तुकडे करत होती. ते करता करता तिने मला सांगितलं.

ती आठ वर्षांची असताना तिचे वडील निघाले आणि तंबाखूची डबी घरी विसरली. ती डबी घेऊन गोदीच्या दरवाजापर्यंत पळत गेली. ट्रॉलर बाहेर सुटत होता. डबी काही पोचली नाही. वडिलांनी तिला पाहिलं, ती आनंदली आणि तिने हात हलवला.

"मग?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न.

"मग काय. एकवीस दिवसांची फेरी असायची. एकवीस झाले. मग तीस झाले."

तिची आई तिला एका शब्दाने बोलली नाही. कुणीच बोललं नाही. फक्त तेव्हापासून गोदीजवळून जाताना आई मेव्हिसचा उजवा हात धरून स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवायची. मेव्हिस चौदा वर्षांची होईपर्यंत.

माझ्याकडे प्रवाह होते, वारे होते, बर्फ होता. मी त्यातलं काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी शहाणपणा केला अशी जी दोन-चार ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक. तिने मला पाव दिला, मी खाल्ला.

नंतर नाटक बंद पडलं. वॉल्टही गेला. मेव्हिसचा कंबरेचा सांधा बदलला, मी निवृत्त झाले. आणि दोन वर्षांपूर्वी, वसंतात, आमच्या बसथांब्यावर पोस्टर लागलं. "तिसरी भरती, नव्या रूपात." दौऱ्याचा पहिलाच आठवडा आमच्या एम्प्रेसला. आणि पोस्टरवर भलीमोठी बाई, धक्क्यावर उभी, केस उडतायत, हात आभाळात.

दोन बस आल्या आणि गेल्या. मेव्हिस त्या पोस्टरसमोरून हलली नाही.

"नुसतं चित्र आहे," मी म्हटलं.

"आपल्याच गावात," ती म्हणाली. "आपल्याच बायकांसमोर."

"मग नको जाऊया."

"नको कशाला? बुधवारची दुपारची दोन तिकिटं काढ. आणि त्याआधी त्यांना चिठ्ठी दे. तू शिकलेली आहेस, तू लिही."

मी लिहिली. चार परिच्छेद, किनारपट्टीच्या चालीरीतींचा इतिहास, खाली पदवीसकट सही. तिने वाचली, चष्मा काढला.

"हे वाचेपर्यंत नाटक संपेल."

आणि मतदानाच्या चिठ्ठीएवढ्या कागदावर तिने स्वतः लिहिलं, "बायांनो, माणूस समुद्रावर निघाला की हात हलवू नका. तो परत येत नाही. मे. हॅल्डनबी." पाकिटात घातली, पाकिटावर पत्ता घातला. मंगळवारी तिच्या सांध्याची तपासणी होती, म्हणून मला म्हणाली, "तू देऊन ये."

बुधवारी दुपारी आम्ही तिसऱ्या रांगेत. दुपारचा प्रयोग, त्यामुळे थिएटरभर पांढरी डोकी, काठ्या, पिशव्यांत लिमलेटच्या गोळ्यांचा खुळखुळाट. मेव्हिसने निळा कोट घातला होता आणि ती पुन्हा खुर्चीच्या टोकावर.

"दिलीस ना?" तिने दिवे मंदावताना विचारलं.

"दिली म्हटलं ना."

गाणी जुनीच, नट नवे. मुख्य काम करणारी पोरगी चांगली होती, टॅमसिन नाव, आवाज असा की छत उचलावं. पहिल्या अंकाचा शेवट आला. धक्का, शाली, सूर चढला. टॅमसिन पुढे आली आणि तिने हात उचलला. पोस्टरवरच्यासारखाच, पार आभाळात. तिच्यामागे बाकीच्यांनी.

मेव्हिसने माझ्याकडे पाहिलं. स्टेजकडे नाही, माझ्याकडे. मी कार्यक्रमाची पत्रिका वाचायला लागले, अंधारात.

मला वाटलं ती आता उठेल. ती उठली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बदललेल्या सांध्याने, हाताच्या टेकूवर जोर देत ती खुर्चीतल्या खुर्चीत फिरली, पूर्ण, आणि तिने रंगमंचाकडे पाठ केली. आणि तशीच थांबली.

मीही वळून पाहिलं. आमच्या मागच्या रांगेतली प्रत्येक म्हातारी आधीच वळलेली होती. तिच्या मागची रांगही. पार शेवटपर्यंत नुसती पाठमोरी डोकी, पांढरे अंबाडे, कुरळं केलेलं पांढरं, एक लोकरी टोपी, एक टक्कलसुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी सुरुवात केली ते अजून ठाऊक नाही. सगळं थिएटर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

मी एकटी बाहेरगावची, म्हणून मी परत पुढे पाहिलं. त्यामुळे टॅमसिनचा चेहरा मला दिसला. तिने अशी जागा कधी पाहिली नसणार, जिथे तीनशे लोक तुमचं गाणं ऐकतात आणि पाहत कुणीच नाही. तिचा आवाज हलला नाही. पण हात हळूहळू खाली आला.

दिवे लागले. मेव्हिस तशीच, मागे तोंड करून.

"मला वाटायचं मी एकटीच," ती म्हणाली.

मग पुढे वळली, आणि पहिल्यांदाच आइस्क्रीमचं नाव न काढता तिने दुसरा अंक पाहिला. प्रेमकथासुद्धा.

नाटक संपल्यावर ती म्हणाली, "मागच्या दाराशी चल." मी म्हटलं, बस चुकेल. पण हिला काठीसह अडवणार कोण? ट्रूलव्ह त्याच्या खोपटात किटली लावून बसला होता. टॅमसिन तोंडाचा रंग अर्धवट पुसून बाहेर आली, तिच्या हातात टॉवेल.

"आजी, आमचं काय चुकलं?"

"तुझं नाही चुकलं, पोरी. गातेस छान. पण काल चिठ्ठी पाठवली होती ना तुम्हाला?"

"कसली चिठ्ठी?"

मेव्हिसने मान माझ्याकडे वळवायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात खोपटातून आवाज आला.

"आली होती," ट्रूलव्ह म्हणाला. "माझ्याकडेच राहिली. चुकलं माझं."

मेव्हिसने त्याच्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या जागी असते तर दुसरी नोकरी शोधली असती. "तीस वर्षांच्या वर या दारावर आहेस," ती म्हणाली, "आणि एक कागद आत जात नाही तुझ्याने?"

"वय झालं, मिसेस हॅल्डनबी."

मग तिने टॅमसिनला सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या, किटलीच्या शिट्टीत. वडिलांचं नाही सांगितलं, फक्त चाल सांगितली. पोरीने ऐकून घेतलं आणि कामाचा प्रश्न विचारला.

"पाठ फिरवायची हे कळलं. पण हातांचं काय करू? नुसते लोंबतात."

मेव्हिसने जरा विचार केला.

"खिशात घाल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळपासून "तिसरी भरती"मध्ये बायका समुद्राकडे पाठ करतात आणि हात कोटाच्या खिशात घालतात. आम्ही शनिवारी पुन्हा जाऊन पाहिलं. मेव्हिस मागे टेकली. पुढच्या महिन्यात कुठल्याशा वर्तमानपत्राने खिशांवर अर्धा रकाना लिहिला, त्यात यावेळी ग्रीक नव्हते, जपानी होते. तेही कात्रण बरणीखाली आहे.

आता मेव्हिस, पुन्हा तुझ्याशी. कबुली.

ट्रूलव्हकडे चिठ्ठी राहिली नव्हती. मंगळवारी मी त्याच्या खोपटापर्यंत गेले होते. पाकीट हातात होतं. त्याने हात पुढे केला, "द्या इकडे, लगेच पोचवतो." आतून ती नाटकाची पोरं हसत-खिदळत चालली होती. मला तुझी ती दोन वाक्यं आठवली आणि लाज वाटली. तुझी नाही. माझी. भूगोल शिकवलेली बाई असला कागद घेऊन दारात उभी, आणि आत तो मोठ्याने वाचला जाणार. मी म्हटलं, "काही नाही, सहज आले होते," आणि परतले. आणि तुला सांगितलं, दिली. त्या दोन दिवसांत हे खोटं तीनदा सांगितलं. थिएटरात सांगितलेलं सगळ्यांत वाईट.

ट्रूलव्हने माझ्यासाठी दोष अंगावर घेतला. मी विचारलं का, तर म्हणाला, तुम्ही दोघी शेजारी राहता, मी रस्त्यापलीकडे. त्याबद्दल तू दोन नाताळ त्याला मनुकांचा पाव दिलेला नाहीस, आणि रस्त्यात त्याच्या नमस्कारावर नुसती मान हलवतेस. माझा पाव मात्र दरवर्षी भिंतीवरून येतो, आणि मी तो खाते. चांगला लागतो, हेही सांगून टाकते.

तेव्हा यंदा त्याला दोन दे. माझा बंद केलास तरी मी तक्रार करणार नाही. म्हणजे करेन, पण आवाज चढवणार नाही.

चिठ्ठी माझ्या शाळेतल्या जुन्या ॲटलासमध्ये आहे, आइसलँडच्या पानात. फोडलेली नाही. पाकिटावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "मागच्या दाराशी, हातोहात द्यावी." ती मी अजून कुणाच्या हातात दिलेली नाही.

हेस्टर